वच्छलासाठी धरलेला उपास

"डोळे मिटायच्या आधी एक काम करू या," सुलोचनाबाई ओहोळ म्हणाल्या आणि त्यांनी चर्चमधल्या पुलपिटापुढच्या टेबलावरचा पत्र्याचा डबा उचलला.

मी दुसऱ्या बाकावर बसले होते. सकाळपासून पोटात पाण्याशिवाय काही नव्हतं आणि दुपारचे दोन वाजत आले होते. उपासाने माणूस शांत होतं म्हणतात. होत असेल बापडं. माझं डोकं उपासाने तापतं, आणि मुळात माझा राग नाकाच्या शेंड्यावर.

"डबा खाली ठेवा, सुलोचनाबाई," मी बसल्या जागेवरून म्हणाले.

"अहो रूथबाई, नावं घेऊन प्रार्थना केली की प्रार्थनेला बळ येतं."

"तो डबा न उघडता जाळात टाकायचं ठरलंय."

"ठरवलं कुणी? आपणच ना?" असं म्हणून त्यांनी झाकणात नख घातलं.

या गोष्टीला आता चाळीस वर्षं होतील. सुलोचनाबाई देवाघरी गेल्या, आमच्या चर्चचे पाळक रणदिवेही गेले. पण त्या झाकणाचा आवाज आठवला की अजून माझी कानशिलं तापतात.

आमचं गाव पाटाच्या कडेचं. गावाला लागून आमची ख्रिस्ती वस्ती, वस्तीच्या तोंडाशी देऊळ, आणि देवळासमोर रस्ता ओलांडला की भाऊसाहेब खेमनरांची पिठाची गिरणी. चर्चला आमच्याकडची जुनी माणसं देऊळच म्हणायची. मी वस्तीतल्या बालवाडीची बाई. आमचे हे साखर कारखान्यात नोकरीला, मूलबाळ नाही, त्यामुळे दुपारी घरात मी एकटीच असायची.

महिला मंडळाचा उपास दर शुक्रवारी. सकाळपासून दुपारी तीनपर्यंत फक्त पाणी, बारा ते तीन देवळात प्रार्थना, मग घरी जाऊन भाकरीचा तुकडा मोडायचा. उपास लोकांना दिसू नये म्हणून तोंड धुऊन, केसांना तेल लावून बाहेर पडावं, ही आमच्यातली शिकवण. म्हणून शुक्रवारी आमच्या बायका इतकं तेल चोपडून यायच्या की वस्तीतलं शेंबडं पोरसुद्धा सांगायचं, आज बायांचा उपास आहे.

त्या वर्षी ईस्टरच्या आधीच्या चाळीस दिवसांसाठी पाळकसाहेबांनी नवी टूम काढली. प्रत्येक बाईने मंडळीबाहेरचं, म्हणजे आमच्या चर्चमध्ये न येणारं, एक माणूस धरायचं. त्याच्यासाठी उपास करायचा, त्याला येशूची सुवार्ता कळावी म्हणून प्रार्थना करायची. त्याचं नाव चिठ्ठीवर लिहून डब्यात टाकायचं. डबा टेबलावर बंद राहील आणि ईस्टरच्या पहाटे अंगणातल्या जाळात तसाच टाकायचा. नाव तुम्हाला ठाऊक आणि देवाला ठाऊक, तिसऱ्याला नाही.

कल्पना चांगली होती. पण आमच्या मंडळीत आणखी एक पद्धत होती. वर्षभरात ज्या बाईने एखादा नवा आत्मा मंडळीत आणला असेल, तिला ईस्टरच्या उपासनेत पुढे बोलावून साक्ष द्यायला लावत, म्हणजे हे कसं घडलं ते सगळ्यांपुढे सांगायला. सुलोचनाबाई मंडळाच्या सेक्रेटरी. त्या लागोपाठ तीन वर्षं पुढे गेल्या होत्या. गळ्यात हार, डोळ्यांत पाणी, हातात माइक. तिन्ही आत्मे त्यांच्या नात्यातलेच होते, हे माझ्या बरं लक्षात होतं. मला मात्र बारा वर्षांत कुणी पुढे बोलावलं नव्हतं.

माझ्या चिठ्ठीवर वच्छलाचं नाव होतं. वच्छला ही गिरणीवाल्या भाऊसाहेबांची बायको.

डिसेंबरच्या सुरुवातीच्या एका शुक्रवारी ती माझ्या दारात आली होती. पदराखाली झाकलेली ताटली.

"बाई, आज तुमचा उपास ना? भगर आन् दाण्याची आमटी आनलीय."

"आमच्या उपासाला हे चालत नाही, वच्छला."

"मंग साबुदाना?"

"तोही नाही."

"मंग काय चालतं?"

"पाणी."

तिने ताटली उंबऱ्यावर ठेवली आणि माझ्याकडे कीव केल्यासारखं बघितलं. "तुमचा देव लई कडक हाय," ती म्हणाली. मला हसू आलं. तीन वाजून गेले होते, म्हणून मी तीच भगर खाऊन उपास सोडला. ती समोर बसून राहिली.

"कशापायी धरता उपास?" तिने विचारलं.

"प्रार्थनेसाठी. तुला काही मागायचं असेल तर सांग. पुढच्या शुक्रवारी तुझ्यासाठी मागेन."

तिने रिकामी ताटली पदराने पुसली. मग म्हणाली, "सोमवार धरते मालकांसाठी. चतुर्थी धरते पोरीच्या संसारासाठी. सासूबाई व्हत्या तवा त्यांच्या गुडघ्यांसाठी शनिवार धरायची. माझ्यासाठी काय मागायचं ते मला कुनी इचारलंच न्हाई."

"मग आता विचारते."

"मला वाचता येऊ द्या म्हनावं."

तिची मुलगी नंदा येवल्याला दिली होती. तिची पत्रं यायची ती गिरणीच्या पत्त्यावर. भाऊसाहेब गिरणीच्या धडधडाटातच ती वाचायचे आणि घरी येऊन सांगायचे, बरी आहे, सगळ्यांना नमस्कार.

"पानभर लिवल्यालं असतंय, बाई. मी बघते ना. आन् हे दोन वाक्यं सांगत्यात. बाकीच्या पानात काय लिवलं आसंल?" ती म्हणाली. "मागच्या पत्रावर पानी पडल्याचा डाग व्हता."

यात देवाला कशाला साकडं घालायचं? पाटी माझ्याकडे होती, पेन्सिल होती. मी तिला तिथंच बसवलं.

दर शुक्रवारी मी देवळातून आले की ती यायची. भाऊसाहेबांना सांगून यायची की बाईंकडे क्रोशा शिकते. महिन्याभरात तिला अक्षरं आली. वाचायला मोठ्या टाइपातलं माझ्याकडे एकच होतं, शुभवर्तमानाची पुस्तिका, म्हातारी माणसं वापरतात ती. तीच आम्ही घेतली. विहिरीवर पाणी भरायला आलेल्या बाईशी येशू बोलला, ती गोष्ट तिने तीनदा वाचली. बोट ठेवून, एकेक अक्षर सुटं करून.

"त्या बाईशी कुनी बोलत नव्हतं, आन् ह्यो बोलला," ती म्हणाली. "चांगलं केलं." मग तिने मान वर केली. "बाई, खरं सांगा. तुमच्यात घ्यायसाठी शिकिवता का मला?"

"नाही."

"आवडतंय मला हे. पर मी कुनाला सांगनार न्हाई, तुमीबी सांगू नका. आधी वाचता येऊ द्या नीट. मंग नंदीचं पत्र मालकांच्या म्होरं बसून घडाघडा वाचीन, आन् तवा सांगीन त्यास्नी समदं. मधीच कळलं तर माझं यनं बंद व्हईल."

"मी तुझ्यासाठी उपास धरलाय, एवढं तरी देवाला सांगू ना?"

"देवाला सांगा. बाकी कुनाला नको."

मी शब्द दिला. जोडाक्षरं तेवढी राहिली होती. ईस्टरपर्यंत तीही झाली असती.

आणि आता सुलोचनाबाईंच्या हातात तो डबा होता.

त्या दिवशी पुण्याहून एक उपदेशक यायचे होते म्हणून भाड्याचा लाऊडस्पीकर लावला होता. कर्णा देवळाच्या दारावर, तोंड रस्त्याकडे. उपदेशकांची एसटी चुकली होती. गावातली वीज सकाळपासून गेलेली, पण लाऊडस्पीकर बॅटरीवरचा. वीज नाही म्हणून समोरची गिरणी बंद, आणि दळणाचे डबे घेऊन पंधरा-वीस माणसं पायरीवर वीज यायची वाट बघत बसलेली. हे मी देवळात शिरतानाच पाहिलं होतं. एरवी त्या गिरणीच्या आवाजापुढे आमचा उपदेश आम्हालाच ऐकू येत नसे. त्या दिवशी रस्त्यावर टाचणी पडली तरी ऐकू आली असती.

"पाळकसाहेब, तुम्ही सांगा यांना," मी म्हणाले.

पाळकसाहेब खुर्चीत बसून छताकडे बघत होते. माणूस सज्जन होता. पण सुलोचनाबाईंसमोर त्यांचं पाणी व्हायचं.

"नुसती नावंच आहेत, बाई," ते म्हणाले. "प्रार्थनाच करायची आहे."

सुलोचनाबाईंनी पहिली चिठ्ठी उलगडली आणि माइक तोंडाजवळ धरला. "एक शेजारीण."

"आमेन," बायका म्हणाल्या.

"माझे धाकटे दीर."

"आमेन."

"दवाखान्यातली एक सिस्टर."

"आमेन."

पुढची चिठ्ठी निळ्या शाईतली. लांबूनही माझं अक्षर मला ओळखू आलं.

"सौभाग्यवती वच्छला भाऊसाहेब खेमनर," सुलोचनाबाईंनी वाचलं, "पिठाची गिरणी. गेले तीन महिने दर शुक्रवारी शुभवर्तमान वाचत आहे. हा हरवलेला आत्मा..."

मी बाकावरून उठून पुढे कधी गेले ते मला कळलं नाही. त्यांच्या हातातून चिठ्ठी हिसकली. सगळ्या बायका माना वर करून बघायला लागल्या.

"काही लाजलज्जा आहे का तुम्हाला?" मी म्हणाले.

"माझ्यावर कशाला ओरडता?" माइक त्यांनी खाली केला, पण बंद केला नाही. "बाकीच्यांनी नुसतं शेजारीण लिहिलं, दीर लिहिलं. तुम्हीच नाव, आडनाव, पत्ता दिलात. मला वाटलं, तुम्हाला वाचूनच घ्यायचंय."

"मी शिक्षिका आहे. अर्धवट लिहायची मला सवय नाही."

"मग आता का झोंबतंय?"

मी हात उगारला होता की काय, मला आठवत नाही. उगारला असेन. कारण सुलोचनाबाई दोन पावलं मागे सरल्या आणि त्यांनी त्यांचं हुकमी हत्यार काढलं.

"बहिणींनो, आपण डोळे मिटू या," त्या म्हणाल्या. "हे प्रभू, आमच्या रूथबाईंचा क्रोध शांत कर. उपासाच्या पवित्र दिवशी सैतानाने त्यांना धरलं आहे..."

आमच्यात प्रार्थना चालू असताना कुणी बोलत नाही. घर पेटलं तरी आधी आमेन म्हणायचं, मग पाणी ओतायचं. सगळ्या बायकांनी माना खाली घातल्या. मी तशीच उभी, हातात चिठ्ठी, आणि माझ्यासाठी प्रार्थना चाललेली. मला नम्रता मिळावी, मला पश्चात्ताप व्हावा, माझ्या पोटी संतान नाही म्हणून माझा स्वभाव कडवट झाला आहे तर तो गोड व्हावा. एवढंही त्यांनी देवाच्या कानावर घातलं. कर्ण्यातून ते रस्त्यावरही गेलं.

"आमेन," त्या म्हणाल्या.

त्यांच्या आमेनवर कुणी डोळे उघडायच्या आत मी सुरू केलं.

"हे स्वर्गीय बापा," मी मोठ्याने म्हणाले, आणि उघडू लागलेले डोळे पुन्हा मिटले. आता मलाही कुणी अडवू शकत नव्हतं. "तुझ्यासमोर सुलोचना ओहोळ उभी आहे. तू तिला चांगली ओळखतोस. आम्हीही ओळखतो."

"होय प्रभू," म्हातारी मार्थाबाई सवयीने म्हणाली.

"पोटाचा उपास तिला जमतो. जिभेचा उपास तिला एक दिवससुद्धा जमत नाही. तो तिला शिकव. झाकलेला डबा दिसला की तिची बोटं शिवशिवतात, ती बोटं आवर. आणि आमच्या पाळकसाहेबांना, प्रभू, पाठीला कणा दे. चांगले आहेत ते, पण देवळात काय चाललंय ते बघायला लागू नये म्हणून छताचे वासे मोजतात."

"आमेन," मागून कुणीतरी म्हणालं. पाळकसाहेब खोकले.

"वच्छलाने मला सांगितलं होतं, कुणाला कळू देऊ नका. वच्छला आपल्या लेकीचं पत्र वाचता यावं म्हणून चोरून शिकत होती. तिने कुणाचं काही चोरलं नव्हतं. आणि या बाईंनी तिचं नाव भर वेशीवर टांगलं. त्या वच्छला खेमनरच्या घरात आज काय होईल याचा जाब तू हिला विचार. इथंच विचार. आमच्या देखत विचार."

मी पाच-सात मिनिटं बोलले असेन. इतक्या वर्षांचं साठलेलं सगळं ओकले. खरं सांगायचं तर मला बरं वाटत होतं. इतकी जिवंत प्रार्थना मी आयुष्यात केली नव्हती. शेवटी श्वास संपला तेव्हा मी आमेन म्हणाले.

डोळे उघडले तर सुलोचनाबाईंच्या हातातला माइक माझ्या तोंडापासून वीतभर होता. त्याचा लाल दिवा जळत होता.

आणि दारात भाऊसाहेब उभे होते. चपला बाहेर काढलेल्या, भुवयांवर पीठ, हात जोडलेले. आमची प्रार्थना चालू म्हणून माणूस दारात थांबला होता.

"झालं का, बाई?" त्यांनी विचारलं.

सुलोचनाबाईंनी आता कुठे माइक बंद केला.

"झालं आसंल तर इचारतो. माझी बायको हरवली कवा?"

पाळकसाहेब उठले. "भाऊसाहेब, तसं नाही. ती आमची बोलायची भाषा आहे. आत या, बसा."

"बसत न्हाई. माझी बायको घरी ज्वारी निवडतीय. आत्ता बघून आलो. आन् हितं तुमी भोंग्यावर सांगता, हरवली म्हनून. दळनाला आल्याली वीस मान्सं माझ्याकडं बघून हसत्यात."

"चूक या बाईंची आहे," मी सुलोचनाबाईंकडे बोट दाखवलं. "नाव यांनी घेतलं."

"त्यांनी एकदा घेतलं," भाऊसाहेब म्हणाले. "तुमी तीनदा घेतलं. मी मोजलं बाहीर हुबा ऱ्हाऊन. आन् लेकीचं पत्र चोरून वाचायचं व्हतं, ह्येबी गावाला तुमीच सांगितलं. म्हंजी मी बायकोला पत्र वाचून दावत न्हाई, असा मानूस झालो मी."

"मग दाखवता का?" माझ्या तोंडून गेलंच.

त्यांचा चेहरा पिठाखालीही लाल झाला. "नंदी रडून लिवती," ते म्हणाले. आवाज खाली आला होता. "सासरी तरास हाय तिला. दोनदा जाऊन आलो मी येवल्याला. हिला सांगितलं तर ही अन्नपानी सोडंल म्हनून मी आपला बरी हाय, बरी हाय करतो. आता सांगा, भोंग्यावर कुनाकुनाला सांगू हे?"

मी हातातल्या चिठ्ठीची घडी घातली. मला आता त्यांचाही राग आला.

"उद्यापासनं ती तुमच्याकडं यनार न्हाई," ते म्हणाले. पाळकसाहेबांना त्यांनी नमस्कार केला, चपला घातल्या आणि गेले.

त्या दिवशी मी उपास सोडला नाही. पुण्य म्हणून नव्हे, रागाने. संध्याकाळी पाळकसाहेब घरी आले, क्षमेवर बोलले. मी त्यांना विचारलं, कुणी कुणाला करायची? ते चहा न घेताच उठले. सुलोचनाबाईंना मी मनातल्या मनात शंभर वेळा उभं-आडवं सोललं. एकच गोष्ट मला हवी होती. वच्छलाला कळायला हवं होतं की माझा यात काही दोष नाही, मी माझा शब्द मोडलेला नाही. ती चिठ्ठी माझ्याकडे होती. तो माझा पुरावा होता.

दुसऱ्या दिवशी दहाच्या सुमाराला मी गिरणीमागच्या तिच्या घरी गेले. वीज आली होती, गिरणी धडधडत होती, भाऊसाहेब तिकडेच असणार. वच्छला दारात बसून सुपात ज्वारी पाखडत होती. मला बघून ती उठली नाही. ये म्हणाली नाही, की जा म्हणाली नाही.

"भाऊसाहेब काही बोलले?" मी विचारलं.

"बोलले आस्ते तर बरं झालं आस्तं. रातीपासनं गप हायेत. आन् मी बी गप. नंदीला तरास हाय, हे मला त्यांनी न्हाई सांगितलं. सकाळी पान्याला गेले तर शेजारनीनं सांगितलं. तिनं तुमच्या देवळाच्या दारात ऐकलं म्हनं."

तिने सूप खाली ठेवलं.

"मी तुमाला काय सांगितलं व्हतं, बाई?"

"देवाला सांगा, बाकी कुणाला नको."

"मंग?"

"मी देवालाच सांगितलं होतं, वच्छला. शपथ घेऊन सांगते. बंद डब्यात टाकलं होतं. त्या सुलोचनाबाईने डबा फोडला. तिची जीभ झडो. तिला दुसऱ्याचं सुख बघवत नाही. तुला खोटं वाटेल म्हणून मी चिठ्ठीच आणली आहे. बघ, यात प्रार्थनेशिवाय काही नाही."

मी चिठ्ठी उलगडली आणि तिला वाचून दाखवायला घसा साफ केला. माझ्या डोक्यात तेच होतं, मी वाचायचं आणि तिने ऐकायचं.

तिने हात पुढे केला. "द्या हिकडं."

"मी वाचते ना."

"मला येतंय वाचाया. तुमीच शिकिवलंय."

तिने चिठ्ठी घेतली, उजेडाकडे धरली आणि पहिल्या अक्षराखाली बोट ठेवलं. पुस्तिकेबाहेरचं, दुसऱ्या माणसाच्या हातचं असं ती पहिल्यांदाच वाचत होती. माझं अक्षर चांगलं आहे. पाटीवर काढते तसं गोल, सुटं. तिला अडचण पडण्यासारखं त्यात काही नव्हतं.

"सौ... भा... ग्य... वती," ती वाचू लागली. "वच्छला. भाऊसाहेब. खेम... नर." आपलं नाव लिहिलेलं बघून तिचं बोट क्षणभर तिथं थांबलं. "पिठाची. गिर... णी. गेले तीन म... हिने. दर शुक्... शुक्रवारी."

तिने एकेक शब्द वाचला. हरवलेला आत्मा वाचलं तेव्हा तिने माझ्याकडे पाहिलं नाही. सुलोचनाबाईंनी अर्धवट सोडलेलं ते वाक्यही तिने पुरं केलं. मी म्हणाले, "बस, एवढंच."

"खाली हाय अजून."

"ते काही नाही."

"लिवलंय ना काय तरी." बोट खालच्या ओळीवर गेलं. "हा आत्मा आ... ण... णारी. रूथ. मका... सरे. बाल... वाडी. शि..." ती अडली. "शि..."

"क्षि," मी म्हणाले. तीन महिन्यांची सवय. "शिक्षिका."

"शिक्षिका," ती म्हणाली.

मग तिने ती ओळ पुन्हा पहिल्यापासून वाचली, या वेळी न अडता. गिरणीचा आवाज येत होता. मी उभीच होते.

"ही चिठ्ठी देवाला लिवली व्हती?" तिने विचारलं.

"हो."

"मंग तुमचं नाव कशाला घातलं खाली?"

मी तोंड उघडलं. सवय म्हणून, असं म्हणणार होते. शिक्षिका आहे, अर्धवट लिहीत नाही, असं म्हणणार होते. आदल्या दिवशी हेच म्हणून झालं होतं आणि तेव्हा ते खरं वाटलं होतं. पण चिठ्ठी लिहिताना माझ्या डोळ्यांपुढे काय होतं ते मला ठाऊक होतं. ईस्टरची सकाळ होती, हार होता, माइक होता. डबा जाळात जायच्या आधी कुणीतरी उघडेल, आणि उघडलाच तर कळू दे सगळ्यांना, एवढं मी त्या निळ्या शाईत घातलं होतं.

"देव तुमाला वळखत न्हाई व्हय, बाई?" वच्छला म्हणाली.

ती चिडली नव्हती. तिला खरंच उत्तर हवं होतं. शिकताना शंका विचारायची तशीच तिने ती विचारली. मी चिठ्ठी परत घ्यायला हात पुढे केला.

तिने सूप उचललं, चिठ्ठी कमरेला खोचली.

"सकाळी मालकांनी पत्रांचा गठ्ठा माझ्या म्होरं आनून ठिवला," ती म्हणाली. "समदी पत्रं हायेत, पैल्यापासनं. जावा तुमी आता. मला वाचायचंय."

मी पायरी उतरले. माझ्यामागे दार आपटेल असं मला वाटलं होतं. आपटलं असतं तर मलाही तिच्यावर रागावता आलं असतं. तिने ते हळूच लावून घेतलं.